बकासुराचं पोट भरलंय, आई!

पुण्यात असताना किराण्याची यादी फोनवर सांगायची आणि तासाभरात दुकानातला पोऱ्या पिशवी घेऊन दारात हजर, भाजीवाली गल्लीतूनच ओरडत जायची, आणि मधेच काही आणायचं राहिलं तर लेकीला आजीकडे टाकून पाच मिनिटांत जाऊन यायचं. जर्मनीत लाइपझिगला आल्यावर हे सगळं बंद. इथे आजी नाही, पोऱ्या नाही, रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी काहीही करून सामान भरायचंच आणि साडेचार वर्षांच्या बाईसाहेबांना सोबत न्यायचंच. नवऱ्याची शनिवारी कधीकधी शिफ्ट असते, तेव्हा तर मी आणि ती दोघीच.

सुरुवातीचे काही महिने काय सांगू तुम्हाला, दुकानात लोळण, ट्राममध्ये रडारड, आणि आजूबाजूचे लोक काहीच न बोलता नुसते बघणार, ते तर जास्तच लागतं. मुलांना खेळातून शिकवा वगैरे रील्स मी पण बघते पण खरं सांगू, आमच्याकडे हे खेळ शिकवण्यासाठी सुरू झालेच नाहीत, माझा जीव वाचावा म्हणून सुरू झाले.

पहिला आला बकासुर. इथे पाण्याच्या, कोकच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, त्याला फान्ट म्हणतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. ते २५ सेंटवालं, एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनचं, २००३ पासून आहे. रिकाम्या बाटल्या घरी साठवायच्या, दुकानातल्या मशीनला द्यायच्या, ते चिठ्ठी देतं, आणि कॅशियरला चिठ्ठी दाखवली की तेवढे पैसे बिलातून कमी. मशीनला एक गोल तोंड असतं, बाटली आत ठेवली की ती गोल गोल फिरते, मशीन बारकोड वाचतं आणि मग गडप. आतून चुरडल्याचा कर्रर्र आवाज. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बकासुराची गोष्ट सांगितली होती, तर तिने ते तोंड बघितलं आणि लगेच, "आई, हा बकासुर ना?" झालं! तेव्हापासून आमची चाकांची पिशवी म्हणजे गाडाभर अन्न, ती भीम, आणि मी बहुतेक बैल.

बकासुराचे नखरे पण आहेत. बाटली चेपलेली असेल, लेबल फाटलेलं असेल तर तो खात नाही, थुंकून टाकतो. एकदा मी पिशवीत मावावं म्हणून सगळ्या बाटल्या पायाने दाबून नेल्या होत्या (पुण्याची सवय, रद्दीत द्यायच्या आधी चेपायच्या) आणि त्याने एकामागून एक अकरा बाटल्या परत केल्या. लेक माझ्याकडे असं बघत होती की मी भाजी जाळलीये. आता घरी बाटली संपली की ती स्वतः उचलून नेते, मला हात लावू देत नाही.

पण खरी मजा मागच्या नोव्हेंबरात झाली. साडेचारलाच अंधार, दुकानात गर्दी, आमच्या मागे एक आजोबा बिअरचा अख्खा क्रेट घेऊन उभे, आणि आमच्या सहा बाटल्या उरलेल्या असताना मशीनवर लाल दिवा. आतला डबा भरला होता. मी मनात म्हटलं आता भोंगा सुरू होणार, तर ही मागे वळून त्या आजोबांना जर्मनमध्ये अगदी गंभीरपणे, "एर इस्ट झट्ट." त्याचं पोट भरलंय. आजोबांनी क्रेट खाली ठेवला, मशीनजवळ गेले, दोन बोटांनी त्याच्या पोटावर टकटक केलं आणि मान हलवली, हो, भरलंय. एवढ्यात एक मुलगा आला, बाजूचं दार उघडून आत गेला, आणि त्या उघड्या दारातून आतला चुरडलेल्या बाटल्यांचा ढीग स्पष्ट दिसला. मला वाटलं संपला आपला बकासुर, आता दर शनिवारी काय करायचं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भीम आत काम करतो."

"मग त्याने बकासुराला मारलं नाही?"

"नाही, दोघं इथेच जॉबला आहेत."

यावर मी काय बोलणार!

दुकानात शिरायच्या आधी ट्रॉलीत एक युरो घालायचा, तो आमचा टोलनाका. फरक इतकाच की हा टोल परत मिळतो, यावर नवऱ्याचा एक ठरलेला विनोद आहे तो इथे लिहीत नाही. काही दुकानांत लहान मुलांच्या छोट्या ट्रॉल्या असतात, त्यांना उंच काठी आणि वर झेंडा, मोठ्यांना मूल दिसावं म्हणून. ती पताका घेऊन ही पुढे, मी मागे, अशी आमची दिंडी डाळ-पिठाच्या रांगेतून निघते. चॉकलेटच्या शेल्फापाशी मुक्काम करायचा नाही असं ठरलेलं आहे. दर वेळी मुक्काम होतो.

आणि कॅशियरचा पट्टा! इथले कॅशियर ज्या वेगाने सामान सरकवतात तो बघितल्याशिवाय कळणार नाही, पिशवी उघडेपर्यंत अर्धं सामान पलीकडे ढीग होऊन पडलेलं असतं. पट्ट्यावर तुमचं सामान आणि पुढच्याचं सामान यांच्यामध्ये एक आडवी पट्टी ठेवायची असते. तिला आमच्याकडे बांध म्हणतात. आबा मूळचे सांगलीकडचे शेतकरी, त्यांनीच फोनवर हे नाव दिलं, आणि तेव्हापासून ही पट्टी ठेवायचं काम फक्त तिचं. पुढच्या काकूंचे टोमॅटो घसरून आपल्या शेतात आले तर ती ते उचलून बांधापलीकडे ठेवते आणि मराठीत सांगते, "तुमचं तिकडे." काकू हसतात. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडे यावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या.

जॅमच्या, लोणच्याच्या बरण्यांना फान्ट नाही, त्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यांत टाकायच्या, पांढरा, हिरवा, तपकिरी असे वेगवेगळे. तिला उचलून धरायचं, ती बरणी सोडते, खळ्ळ! घरात काच फुटली की ओरडा बसतो आणि इथे मुद्दाम फोडायची, याचं तिला अजून नवल आहे. एकदा निळी बाटली निघाली, निळा डबाच नाही, रडकुंडीला आली. निळी हिरव्यात टाकतात, तेच मला शेजारणीला विचारावं लागलं. रविवारी टाकायला बंदी, आवाज होतो म्हणून. तिच्या मते रविवारी डबे झोपतात.

सगळे दिवस असे जात नाहीत हां. सर्दी असते, झोप झालेली नसते, मलाच ऑफिसचं टेन्शन असतं, मग दिंडी नाही आणि भीम नाही, सरळ मोबाइल हातात देऊन ट्रॉलीत बसवते आणि बटाटे घेते. चालतं.

रस्ता ओलांडायचं मात्र रोजचं. इथल्या पादचारी सिग्नलमध्ये टोपीवाला छोटा माणूस असतो, आंपेलमेनशेन. १९६१ मध्ये पूर्व जर्मनीत कार्ल पेगलाऊ नावाच्या माणसाने तयार केलेला, एकीकरणानंतर त्याला काढायला निघाले होते पण लोकांनी आरडाओरडा करून वाचवला. हिरवा टोपीवाला तरातरा चालतो, लाल टोपीवाला दोन्ही हात आडवे पसरून उभा. तो हिरवा झाल्याशिवाय ही एक पाऊल टाकत नाही, रस्ता रात्री रिकामा असला, ट्राम समोर सुटत असली तरी नाही. ११ नंबरची ट्राम यापायी किती वेळा चुकलीये त्याचा हिशोब नाही.

मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा ती आबांबरोबर दूध आणायला निघाली, मी पण मागोमाग. कोपऱ्यावर येऊन ही ठाम उभी. टोपीवाला कुठेय? समोरून दुचाक्या, रिक्षा, टेम्पो, कुणी थांबायचं नाव घेईना. मला वाटलं आता इथेच संध्याकाळ. आबा म्हणाले, "इथला टोपीवाला रजेवर असतो बाळा. म्हणून आपणच लाल टोपीवाला व्हायचं." आणि त्यांनी दुधाच्या पिशवीसकट दोन्ही हात आडवे पसरले आणि उतरले रस्त्यावर. त्यांच्या मागे ही, तसेच हात पसरून, मान ताठ.

रिक्षा थांबली, टेम्पो थांबला, दोघं आरामात पलीकडे गेले. मी अजून अलीकडेच उभी होते, आणि ती पलीकडून ओरडत होती, "आई, हात कर ना!"