खिंडीतला फोटो

काल पोळा झाला. आज कर, म्हणून वावरात कोणी नाही. दुपारी धाकटी जाऊ माझा फोन घेऊन बसली होती. माझ्या मुलानं, बाळूनं, ग्रुपवर टाकलेले डोंगराचे फोटो तिला पुन्हा बघायचे होते. एका फोटोवर थांबली, दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडून सरकवला आणि म्हणाली, "ताई, याच्यात तुमी तं दिसूनच नाई राह्यल्या. कुठी हा?"

"मागे होते," मी म्हटलं. ती पुढच्या फोटोवर गेली. मी अजून त्याच फोटोवर आहे.

ग्रँड कोल फेरे नावाची ती खिंड, 2,537 मीटर उंचावर. अलीकडे इटली, पलीकडे स्वित्झर्लंड. चौघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. मागे बर्फाचे डोंगर, लख्ख ऊन. सूनबाईचे केस वाऱ्यानं तोंडावर आलेत आणि सगळे हसताहेत. त्या वेळी मी खालच्या कुठल्यातरी वळणावर दोन्ही हात काठ्यांवर टेकून दम घेत असणार. माझ्यावाचून त्या फोटोत काहीच कमी दिसत नाही. हेच मला लागलं. फोटो चांगलाच आलाय, पूर्ण आलाय.

आल्प्समधल्या माँ ब्लाँ या डोंगराला प्रदक्षिणा घालणारी ती वाट. तीन देश, साधारण 170 किलोमीटर, आणि सगळे चढ एकावर एक ठेवले तर 10,000 मीटरच्या आसपास. तयारी मी काही कमी केली नव्हती. अख्खा मे महिना पहाटे अंधारात शहानूरला जायचं आणि नरनाळा किल्ला चढायचा. महाकाली दरवाजाशी पोचेपर्यंत ऊन अंगावर यायचं, उतरताना तर दगड तापलेले असायचे. चिखलदऱ्याचा घाटही पायी चढले. पण चिखलदरा जेमतेम अकराशे मीटर, आणि तिकडची वाट जिथून सुरू होते ते लेझूश गाव हजार मीटरवर. म्हणजे आपला डोंगर संपतो तेवढ्यावर त्यांचा पायथा. नकाशात हे आधीच बघितलं होतं, पायांना मात्र तिथं गेल्यावरच कळलं.

मी रोज शेवटी पोचायचे. खिंड ओलांडली की स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्या लागतात. त्यांच्यावर किलोमीटर नसतात, वेळ असतो. अमुक गाव, दीड तास. ती पाटी बघितली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण तो दीड तास माझा कधीच नव्हता. पाटीनं ठरवलेला वेळ संपून जायचा आणि मी अजून रानातच. पुढून काठ्यांचा आवाज यायचा, मग तोही यायचा नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू यायच्या.

हे असते तर मागं राहिले असते माझ्यासोबत. असो.

शेवटी असणं मला काही नवीन नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवते. कोणी सांगितलं नव्हतं, तसंच होत गेलं. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मग डोंगरात का वाटावं? दुपारपासून याच एका गोष्टीला मी उलटंपालटं करून बघतेय. घरात मागे राहायचे तेव्हा माझ्यावाचून काहीतरी अडायचं. भाकरी माझ्या हातात असायची. तिथं माझ्या हातात काही नव्हतं. मी फक्त हळू होते.

मुक्कामाच्या हटमध्ये, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेसारख्या घरात, तर मला सुरुवातीला फार अवघड व्हायचं. दारातच बूट काढून फळीवर ठेवायचे, तिथल्या सपाता घालायच्या. वर माळ्यावर एकाला एक लागून गाद्या, ओळीनं सगळे झोपणार, बाई-पुरुष काही नाही. आपली पातळ चादरीची पिशवी आपण न्यायची, वरची कांबळी त्यांची. आणि जेवण ठरलेल्या वेळी, साडेसहा नाहीतर सात. लांब बाकांवर सगळे एकदम बसतात. आधी सूप, मग मोठं ताट, शेवटी गोड काहीतरी. पहिल्या रात्री मी दोनदा उठले, ताटं उचलायला. तिथली मुलगी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि माझ्यापुढची ताटली स्वतः उचलून नेली. बाकावर बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले होते. कोणाला दिसलं नाही, सगळे खात होते.

त्या खिंडीच्याच दिवशीचं सांगते. उतारावर गुडघा बोलायला लागला. बाळूला मीच पुढं पाठवलं, कारण जेवणाच्या आत पोचलो नाही तर हटवाले काळजीत पडतात, कोणीतरी जाऊन सांगावं लागतं. मी पोचले तेव्हा जेवणं आटोपत आली होती. दारात तिथली बाई उभी होती, माझ्याच वयाची, हातात नावांची यादी. माझं नाव तिला उच्चारता येईना, तेव्हा तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि एका नावावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं पेन्सिलीनं खूण केली. वरच्या सगळ्या नावांपुढं खुणा झालेल्या होत्या, मोकळं राहिलेलं नाव माझं. आत नेलं, तर चुलीशेजारी सूपची ताटली, वर दुसरी ताटली पालथी. वावरातून उशिरा येणाऱ्या माणसासाठी आपण ठेवतो ना झाकून, तशी. वरची ताटली उचलली तर तिच्या आतल्या अंगाला वाफेचे थेंब धरले होते.

पण परक्या बाईनं वाट बघितली म्हणून आपल्यांचं भरून निघतं असं नाही. मला ते त्या चौघांकडूनच हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर तेही थांबले होतेच. आज लिहिताना ते नीट आठवतंय. मी खिंडीत पोचले तेव्हा ढग भरून आले होते, दहा पावलांपलीकडं काही दिसत नव्हतं. चौघंही दगडांच्या आडोशाला वाऱ्याकडं पाठ करून दाटीवाटीनं बसलेले. सूनबाईचे ओठ निळे पडले होते. मला बघताच ती उठली आणि स्वतःच्या अंगातलं गरम जाकीट काढून माझ्या पाठीवर टाकलं. किती वेळ बसले होते कोण जाणे. फोटो काढून ते लगेच उतरले असते तर वाऱ्यातून सुटले असते. पण त्या बसण्याचा फोटो कोणी काढला नाही. ग्रुपवर उन्हातला तेवढा आला आणि धाकटीला तोच दिसला.

असंच चालायचं. कपाशीच्या पराटीला पात्या लागल्यात, आता मलाही उसंत नाही.

तरी मघाशी बाळूला फोन केला. त्याला सरळ सांगितलं, पुढच्या वेळी मी पोचल्याशिवाय खिंडीत फोटो काढायचा नाही. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आई, तू आलीस तेव्हा ढग होते गं. काही दिसलंच नसतं."

"मग ढगातला काढायचा," मी म्हटलं.

हो म्हणाला. इटलीतच डोलोमाइट्समध्ये अशीच आणखी एक वाट आहे म्हणे, अल्टा व्हिया वन, साधारण 120 किलोमीटरची, तिथंही रोज हटमध्येच मुक्काम. गुडघा साथ देतो का बघते आणि कापसाची वेचणी झाली की कळवते, असं त्याला सांगितलंय.