पलंगाची कुरकुर

नागपुरात लाकडी पलंगालाही ऋतू असतात. श्रावण-भाद्रपदात ज्या पलंगावर पोरांनी उड्या मारल्या तरी हूं की चूं होत नाही, तोच पलंग फाल्गुन लागला की नुसते कुशीवर वळताच कुरकुरू लागतो, चैत्रात त्याची करकर शेजारच्या खोलीपर्यंत पोहोचते, आणि घरात कूलर सुरू झाला की काही आठवडे तो पुन्हा गप्प बसतो. घरातली माणसे या कुरकुरीचा दोष पलंगाच्या वयाला, पाहुण्यांच्या वजनाला किंवा सुताराच्या नियतीला देऊन मोकळी होतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या शहराच्या हवेचा आहे.

लाकूड कापून, वाळवून, वर पॉलिशचे हात देऊन झाले तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे ते काही थांबवत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात जाते. या चढउताराबरोबर लाकूड फुगते आणि आक्रसते, पण सगळ्या बाजूंनी सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही, तंतूंना आडव्या दिशेने मात्र चांगलेच. पलंगाचा सगळा घोळ इथेच आहे. पलंगाचा पाय उभ्या तंतूंचा असतो आणि त्याच्या खाचेत जाऊन बसणारी बाजूची फळी आडव्या तंतूंची. उन्हाळ्यात फळीची रुंदी मिलिमीटर-दीड मिलिमीटरने कमी होते, पायातल्या खाचेची उंची मात्र आहे तेवढीच राहते, आणि पावसाळ्यात ठासून बसलेला सांधा सैल पडतो. कूलरचा दमट वारा रात्रभर खोलीत फिरू लागला की फळी पुन्हा थोडी भरून येते, म्हणूनच ऐन मे महिन्यात पलंग शहाण्यासारखा वागतो.

यावर 'पण आमचा पलंग तर अस्सल सागवानाचा आहे' असे उत्तर हमखास मिळते. सागवानाचा अभिमान विदर्भाने बाळगावा हे योग्यच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतला साग दूरदूर जातो, आणि २०२३ साली उद्घाटन झालेल्या संसदेच्या नव्या इमारतीसाठीही सागवान नागपूरहून गेले होते. इतर लाकडांच्या मानाने साग कमी हलतो, म्हणजे कमी फुगतो-आक्रसतो, हेही खरे. पण कमी हलतो म्हणजे हलतच नाही असे नव्हे, आणि लकडगंजातल्या वखारीतून कितीही पारखून लाकूड आणले तरी ते नागपूरच्याच हवेत राहणार आहे.

सांधा सैल पडला म्हणजे लगेच आवाज येतो असेही नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात, जोर वाढला की सुटतात, लगेच पुन्हा धरतात. हे धरणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडू लागले की आपल्या कानाला ती कुरकुर वाटते. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा सूर निघतो तो याच न्यायाने. तिथे पकड वाढावी म्हणून गजाला राळ लावतात, आणि पलंगाच्या सांध्याला नेमके उलटे, म्हणजे पकड घटवणारे काहीतरी लावावे लागते. विद्युतभाराच्या एककाला ज्याचे नाव मिळाले त्या शार्ल कूलोम या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकात लाकडावर लाकूड घासण्याचे पुष्कळ प्रयोग केले होते, आणि दोन लाकडे काही काळ एकमेकांवर तशीच टेकून राहिली की त्यांना पहिल्यांदा हलवायला जास्त जोर लागतो, असे त्याला आढळले होते. मध्यरात्री बराच वेळ निश्चल पडून राहिल्यावर घेतलेली पहिली कूस सर्वांत मोठ्याने का बोंबलते, याचा खुलासा मला त्या प्रयोगात मिळतो.

दुरुस्तीत खरे कौशल्य लागते ते आवाजाची जागा शोधण्यात. लाकडातून, विशेषतः तंतूंच्या दिशेने, ध्वनी हवेच्या दहापटीहूनही अधिक वेगाने धावतो. त्यामुळे पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यात उगम पावलेली करकर साऱ्या सांगाड्यात पसरते आणि झोपलेल्याला ती आपल्या उशाखालीच आहे असे वाटते. आमच्याकडे आलेल्या वयस्कर सुतारांना मी मोठ्या आत्मविश्वासाने उशाचा कोपरा दाखवू लागलो, तेव्हा ते तिकडे न बघताच म्हणाले, "पयले गादी काढा जी भाऊ. खाली काय हाय थे पाह्यल्याशिवाय मी कसा सांगू?" गादी निघाली, तिच्याखालच्या आडव्या पट्ट्या उघड्या पडल्या. त्यांनी मला एका बाजूने सांगाडा हलवत राहायला सांगितले आणि स्वतः कान न लावता, एकेका सांध्यावर दोन बोटे अशी टेकवत गेले की एक बोट पायावर आणि दुसरे फळीवर. जो सांधा बोलतो तिथे दोन्ही बोटांखाली लाकूड वेगवेगळे सरकते आणि बारीक थरथर लागते. पायथ्याचा कोपरा सापडला. त्याखेरीज मधल्या दोन पट्ट्या आपल्या आधारावर घासत होत्या, ज्यांच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते.

पट्ट्यांचा इलाज सोपा निघाला. जुन्या घोंगडीच्या बोटभर रुंदीच्या चिंध्या कापून त्या आधारपट्टीवर डकवल्या, आणि लाकडाला लाकूड लागेनासे झाले. कोपऱ्याचे काम अधिक नाजूक होते. बोल्ट सोडवून सांधा उघडल्यावर आतले लाकूड काही ठिकाणी आरशासारखे गुळगुळीत आणि काळपट झालेले दिसले. तीच घासण्याची जागा. तिथे त्यांनी देवघरातली साधी मेणबत्ती मागून चांगली रगडली. मेण लाकडात जिरून नाहीसे होत नाही आणि धूळही फारशी धरत नाही. खाण्याचे तेल मात्र चुकूनही वापरू नये. चार दिवस शांतता मिळते, मग ते चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि मुंग्यांना आमंत्रण जाते ते वेगळेच. शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब चालतो, पण तो लोखंडाच्या पट्टीला आणि बिजागरीला, लाकडाला नव्हे.

पुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटला. बोल्टाखाली जो इवलासा वॉशर होता त्याच्या जागी त्यांनी रुपयाच्या नाण्याहून मोठा वॉशर घातला. लहान वॉशर घट्ट आवळला की पावसाळ्यात फुगणारे लाकूड त्याच्याखाली चिरडले जाते. उन्हाळ्यात ते आक्रसते तेव्हा चिरडलेला भाग पुन्हा उभा राहत नाही, आणि सांधा आदल्या वर्षीपेक्षा अधिक ढिला होतो. मग आपण आणखी आवळतो, आणि लाकूड आणखी चिरडते. रुंद वॉशरमुळे दाब पसरतो. ज्या स्क्रूचे भोक मोठे झाले होते त्यात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून, त्या वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवला.

खिळ्यांबद्दल माझे मत आता पुरते कडवट झाले आहे. कुरकुर ऐकली की हातोडी घेऊन कोपऱ्यात दोन खिळे ठोकणारी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण खिळा लाकडाबरोबर फुगत नाही की आक्रसत नाही, त्यामुळे एक-दोन उन्हाळ्यांत तो आपल्याच भोकात सैल होऊन नवा आवाज काढू लागतो, शिवाय नंतर सांधा उघडायचा म्हटले की लाकूड फाटते. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांच्या पलंगाविषयी तर बोलायलाच नको; त्यात स्क्रू एकदा सुटला की भोवतीचा भुसाच गळून पडतो. नटबोल्टचा, पूर्ण उकलता येणारा पलंग दुकानात थोडा ओबडधोबड दिसत असेलही, पण मी निवडला तर तोच निवडीन. जुन्या बाजेची पायथ्याची दोरी ओढून ती जशी पुन्हा ताठ करता येई, तसा त्यालाही हात लावता येतो.

होळीनंतर माळ्यावरून कूलर उतरवला जातो, तेव्हाच आमच्याकडे आता पानाही बाहेर निघतो. हे बोल्ट आवळणे हलक्या हाताने करायचे, कारण पुढे पावसाळा आहे आणि लाकूड उरलेले काम स्वतःच करते. आता शिल्लक राहिली आहे ती उशाकडच्या टेकणीची टकटक. ती सांध्याची नसून टेकणी भिंतीला लागते म्हणून होते, आणि पलंग चार बोटे पुढे ओढला की ती थांबते, हेही सिद्ध झाले आहे. परंतु त्या फटीतून रात्री चष्मा आणि मोबाइल खाली पडतो अशी घरच्यांची तक्रार असल्यामुळे तो तोडगा अद्याप मंजूर झालेला नाही.