पावसाने घेतलेले दोन पॉइंट

मी प्रायव्हेट जमीन मोजणीच्या कामात आहे, चोपडा-अमळनेर साईडला. ही मागच्या मे मधली गोष्ट. दोन भाऊ, मोठ्याला सगळे नाना म्हणतात, धाकटे आप्पा, मध्ये एक बांध. सरकारी मोजणीचा अर्ज नंतर टाकणार होते, त्याआधी मनाच्या समाधानासाठी बघायचं होतं की हद्द नेमकी कुठून जाते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, मला मध्ये उभं करून बोलत होते, "विचार त्याला, विहिरीकडचा दगड त्याने शेवटचा कधी पाहिला".

बॉसने नवीन हँडहेल्ड, म्हणजे मोजणीचे पॉइंट सेव्ह करायचं हातातलं मशीन, घेतलं होतं, पूर्ण टचवालं, जाडजूड, कोपऱ्यांना रबर. आधीचं बटणांचं होतं ते ऑफिसच्या कपाटात गेलं. नानांनी हातात घेऊन पाहिलं, "हाई काय शे भो, इतलं जाड? मोबाईल शे का?" म्हटलं नाना, छोटा कॉम्प्युटरच आहे, उन्हातान्हात वापरायचा. दोन मीटरच्या काठीवर वरती अँटेना, मधे क्लॅम्पला हे, सिमवरून कॉर्सचं, म्हणजे जमिनीवर कायम बसवलेल्या सॅटेलाइट स्टेशनांचं करेक्शन येतं आणि 'फिक्स' लागला, म्हणजे जागा पक्की झाली, की दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत जागा मिळते. 'फ्लोट' असेल तर भरवसा नाही, फूटभर पण इकडेतिकडे होऊ शकते.

सकाळी दहालाच ऊन असं की काठी हातात धरवेना. माझा स्वतःचा फोन अकराच्या सुमाराला गरम झाल्याचा मेसेज देऊन बंद पडला. त्यात त्याची काय चूक, नेहमीचे फोन साधारण ३५ डिग्रीपर्यंतच वापरा असं कंपन्याच लिहितात आणि आपल्याकडे मे मध्ये ४४-४५ म्हणजे रोजचंच. हँडहेल्ड मात्र चालू, त्याची लिमिट ६० ची. पण बॉडी इतकी तापली की मी सुती हातमोजे घातले आणि सेटिंगमध्ये जाऊन ग्लोव्ह मोड, म्हणजे मोजे घालून पण टच चालावा तो, ऑन केला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

दुसरं पण एक केलं. नानांची केळी बांधाला लागून, पानांच्या छताखाली फिक्स लागेना, तर मी 'फिक्स नसेल तर सेव्ह करू नको' ही अट काढून टाकली. म्हटलं आतले पॉइंट अंदाजाने चालतील, बांधावर आलो की परत लावू. नाही लावली. कोण लक्षात ठेवतो त्या उन्हात.

दुपारी एकदा स्क्रीन पूर्ण काळी झाली, माझ्या पोटात गोळाच आला, लाखाच्या वरचं मशीन. बॅटरी काढून घातली, तरी काळी. नाना बाजूला बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होते, तिथूनच म्हणाले, "चस्मा काढ ना भो." काढला, तर सगळं दिसतंय! पोलराइज्ड गॉगल होता, एलसीडीतून येणारा प्रकाश पण एकाच दिशेचा असतो, काठीवर आडवं लावलेलं म्हणून दोघांचं जुळेना आणि अंधार. मशीन थोडं तिरकं केलं असतं तरी कळलं असतं. नानांना हे कसं सुचलं विचारलं तर हसले फक्त.

चारच्या आसपास सातपुड्याकडून काळं आलं. मी विहिरीकडचा दगड घेतला होता, पॉइंट ४६, आणि चारशे फूट चालत दुसऱ्या टोकाच्या दगडाजवळ पोचलो तेवढ्यात आधी धूळ, मग टपोरे थेंब, केळीची पानं फाटायचा आवाज. "निमना झाडखाले चाल!" नाना ओरडले, म्हणजे कडुनिंबाखाली चल, आणि काठीसकट पळालो. वीज चमकायला लागली तसं काठी झाडाला टेकवून आम्ही बांधावरून खाली आप्पांच्या पंपघरात घुसलो. विजेत झाडाखाली थांबणं म्हणजे वेडेपणाच.

पाऊस वीसेक मिनिटं. मशीनची चिंता नव्हती. धूळ-पाण्याचं रेटिंग आयपी ६७ आहे, ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपटायची टेस्ट पण झालेली, अमेरिकन लष्कराच्या मिल-एसटीडी-८१० ची, चार फुटांवरून २६ वेळा: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. प्लायवूडवर आपटतात म्हणे, आपला काळा दगड त्यांनी बघितला नसेल. असो.

बाहेर येऊन बघतो तर पॉइंट ४८ पर्यंत गेलेले. मला वाटलं पळायच्या आधी दाबला असेल दगडाचा पॉइंट, घाईत दोनदा दाबला गेला. पॉइंट कशाचा हे सांगणारा कोड असतो, तो 'बांध' चालूच होता, त्यामुळे सॉफ्टवेअरने लाइन आपोआप जोडून दिलेली. तीच लाइन मी दोघांना दाखवली, हीच माझी खरी चूक.

लाइन त्या टोकाला ११ फूट आप्पांच्या वावरात घुसलेली. चारशे फुटांचा बांध, त्रिकोण धरला तर २२०० चौरस फूट, म्हणजे दोन गुंठे. आप्पांनी ते माझ्याआधी तोंडी काढलं. "मना दोन गुंठा कथा ग्यात?" माझे दोन गुंठे कुठे गेले? आणि मग वर्षभर न बोललेले दोघं भाऊ थेट एकमेकांशी बोलायला लागले, पण जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मी खाली मान घालून पॉइंटची माहिती उघडली. ४७ ची वेळ ४:०९, ४८ ची पण ४:०९, मध्ये ३ सेकंद. एवढ्या पटकन कोणी दोन पॉइंट घेत नाही. दोन्ही फ्लोट. आणि ४:०९ ला मी पंपघरात होतो! टच स्क्रीनला बोटातून होणारा विजेचा बारीक फरक कळतो, पाण्याच्या थेंबाने पण तो होतो, त्यात ग्लोव्ह मोडने तिला अजून हळवी करून ठेवलेली. सेव्हचं बटण पावसाने दाबलं होतं, निंबाखाली. फिक्सची अट असती तर सेव्ह झालंच नसतं.

आप्पांना सांगितलं तर, "पाऊस बटन दाबस?" त्यांचा विश्वास बसेना. मग मी स्क्रीनवर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि तिघं बघत राहिलो, मेनू आपोआप उघडतोय, बंद होतोय, कोणीतरी आत बसल्यासारखा. नाना हसायला लागले, आप्पा नाही.

नानांच्या बागायती रुमालाने स्क्रीन पुसली, मोजे काढले, अट परत लावली, दगडावर काठी ठेवून ती सरळ आहे हे दाखवणारा बबल मध्ये आणला, फिक्स लागला, घेतला. लाइन सरळ, जुन्या बांधावरून. तरी आप्पांनी घरून टेप आणला, दगडापासून निंबाच्या खोडापर्यंत स्वतः मोजलं, दुसरं टोक नानांनी धरलं. अकरा फुटांना चार बोटं कमी.

दुसऱ्या दिवशी कपाटातून जुनं बटणांचं काढून गाडीत टाकलं, पावसाचे दिवस संपेपर्यंत तेच. ते दोन पॉइंट मी डिलीट नाही केले, कोड बदलून 'पाऊस' लिहिला. परवा बॉसने ती फाइल उघडली आणि विचारत होता, हा कोड कोणी बनवला.