वास घरात, की बरणीत?

मसाल्याचा जाम शिजायला लागला की दारातून आत येणारा माणूस थबकतो आणि विचारतो, काय शिजतंय? करणाऱ्याला बरं वाटतं. पण हिशेब सरळ आहे: जेवढा वास घरभर पसरला, तेवढा पातेल्यातून गेला. जाम करायचा म्हणजे फळातलं पाणी उडवायचं, आणि दालचिनी-वेलदोड्याचा सुगंध त्या पाण्याच्याच वाफेबरोबर निघून जातो. एक घालवायचं आणि दुसरं राखायचं, अशी ही कसरत आहे.

पाणी किती उडवायचं ते आधी बघू. बिया काढलेले १ किलो प्लम, २०० मिली पाणी आणि ७५० ग्रॅम साखर घेतली तर पातेल्यात १९५० ग्रॅम ऐवज पडतो. फळाचा स्वतःचा घनभाग धरला तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. टिकाऊ जामात साखर आणि घनभाग मिळून ६५ टक्क्यांच्या आसपास लागतात, म्हणजे तयार जाम साधारण १३०० ग्रॅम उतरायला हवा. उरलेलं ६५० ग्रॅम पाणी हवेत. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवलं आणि शेवटी पातेलं पुन्हा काट्यावर ठेवलं, की जाम झाला की नाही हे काटाच सांगतो. ही युक्ती फारसं कुणी वापरत नाही. का, कोण जाणे! तार बघून निभेल असं वाटतं, पण तार पाकाची हालहवाल सांगते, पेक्टिनची नाही. आणि जाम धरतो तो पेक्टिनमुळे, म्हणजे फळातल्याच घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे.

६५० ग्रॅम पाणी उडवायला पंधरा मिनिटं लागतील की पाऊण तास, हे पातेल्यावर ठरतं. पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं पातेलं घ्यावं आणि ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नये, कारण साखर पडल्यावर फेस उसळून वर येतो. उभट भांड्यात जाम पाऊण तास रटरटतो. तेवढ्या वेळात रंग काळवंडतो, फळाची चव जळक्या साखरेकडे झुकते आणि पेक्टिन तुटायला लागतं. मग जाम धरत नाही म्हणून माणूस आणखी उकळतो, आणि तो आणखी बिघडतो. लोखंडी कढई किंवा कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको. आंबट रसाला धातूची चव लागते. दुप्पट जाम हवा असेल तर दोनदा करावा, एकदम दोन किलो चढवू नये.

फळांचं म्हणाल तर सफरचंद, प्लम, पेरू यांत पेक्टिन भरपूर. स्ट्रॉबेरी, अननस, नाशपाती यांत कमी. त्यांच्या जोडीला एखादं सफरचंद किसून घालावं आणि किलोमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस. फार पिकलेलं फळ गोड लागतं खरं, पण त्यातलं पेक्टिन विरत आलेलं असतं. चार फळांत एक जरा कच्चट असावं. शंका असेल तर शिजलेल्या फळाचा एक चमचा रस गार करून त्यात तीन चमचे स्पिरिट घालावं आणि हलकेच फिरवावं. मिनिटभरात एकसंध गोळा जमला तर पेक्टिन पुरेसं, नुसते बारीक तुकडे झाले तर कमी. हा रस मात्र तोंडात घालायचा नाही, फेकून द्यायचा.

आता मसाला. १ किलो फळाला बोटभर लांबीचा दालचिनीचा एक तुकडा, एक चक्रीफूल, आठ-दहा मिरे जरासे ठेचून, २० ग्रॅम आल्याच्या चकत्या आणि लवंगा चार. चारच. लवंगेचा हात सुटला की जामाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो, आणि त्यावर उतारा नाही. हे सगळं मलमलच्या फडक्यात सैलसर बांधावं. पुरचुंडी आवळून बांधली तर मधल्या मसाल्यापर्यंत रस पोचतच नाही. पूड घालायचा मोह टाळावा. दालचिनीची पूड ओली झाली की बुळबुळीत होते, जाम गढूळ दिसतो आणि घासाला खरखरीत लागतो.

पुरचुंडी घालायची ती साखरेच्या आधी. फळ, पाणी आणि पुरचुंडी मंद आचेवर, झाकण ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. इथे पाणी उडवायची घाई नाही, म्हणून झाकण. वाफ झाकणाला लागून परत खाली पडते आणि वासही तिच्याबरोबर परततो. या वेळात प्लमची सालं पूर्ण मऊ झाली पाहिजेत, दोन बोटांत धरून चुरडली जातील इतकी. साखर पडल्यावर साल मऊ होत नाही, उलट चिवट होते. चुकून राहिलीच, तर जामात ती कागदासारखी दाताखाली येते.

मग आच आणखी कमी करून साखर. दाणा न् दाणा विरघळेपर्यंत उकळी येऊ द्यायची नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली लोटावेत, कारण पुढे महिन्याभरात बरणीत खडे धरतात ते याच उरलेल्या दाण्यांभोवती. साखर विरघळली की पुरचुंडी डावाने दाबून, पिळून बाहेर काढावी. ती शेवटपर्यंत ठेवली तर लवंग तुरटपणा सोडत राहते. आता झाकण काढून आच मोठी.

आधी फेस पांढरा, हलका आणि उंच असतो. मग तो बसतो, बुडबुडे मोठे, चकचकीत आणि संथ होतात, खळखळ जाऊन पचपच असा आवाज येतो. डाव तळाला टेकवून ढवळत राहावं. जाम लागतो तो नेमका या शेवटच्या पाच मिनिटांत. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश, पण हे समुद्रसपाटीचं गणित. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरावा. सोपं म्हणजे आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात साडेचार मिळवावे.

बशी तरीही हवी. फ्रीझरमध्ये गार केलेल्या बशीवर अर्धा चमचा जाम टाकून, आच बंद करून मिनिटभर थांबावं आणि बोटाने ढकलावं. वर सुरकुती पडली तर झाला. बोट फिरलेली वाट लगेच भरून आली तर अजून दोन-तीन मिनिटं. आच बंद करायला विसरतात आणि तेवढ्यात जाम पुढे जातो. मसाल्याची चवही याच गार थेंबाची घ्यावी; कढत जामात गोडीच पुढे येते आणि मसाला कमी वाटून माणूस उगाच भर घालतो.

वेलदोडा अगदी शेवटी. सहा वेलदोड्यांचे दाणे ताजे कुटून, आच बंद केल्यावरच. त्याचं तेल वाफेबरोबर इतक्या चटकन उडतं की उकळत्या जामात घातलेला वेलदोडा हा शेजाऱ्यांसाठीच घातलेला असतो.

फेस काढून जाम सात-आठ मिनिटं तसाच राहू द्यावा, नाहीतर फळाचे तुकडे बरणीत वर तरंगतात आणि खाली नुसती जेली राहते. बरण्या दहा मिनिटं उकळून, कोरड्या आणि गरम असाव्यात. गार काचेत कढत जाम ओतला की काच तडकते. वर पाऊण सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी जागा ठेवून लगेच झाकण लावावं. शोभेसाठी आत चक्रीफूल किंवा दालचिनी ठेवू नये. बरणी उघडेपर्यंत ती आपलं काम करतच राहते.

चोवीस तास बरणी हलवून बघू नये. पेक्टिनची जाळी जमत असताना धक्के बसले की पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशीही पातळच असेल तर एका लिंबाचा रस घालून पुन्हा पाच मिनिटं उकळावा. फार घट्ट झाला तर उकळतं पाणी चमच्या-चमच्याने घालून सैल करता येतो, पण चव पहिल्यासारखी राहत नाही. साखर निम्म्यावर आणली असेल तर त्याला जाम म्हणा हवं तर, मात्र ठेवा फ्रीजमध्ये आणि तीन आठवड्यांत संपवा.

पहिले काही दिवस दालचिनी वेगळी, आलं वेगळं, फळ वेगळं लागतं. दोन-तीन आठवड्यांनी ते एकमेकांत मिसळतं, म्हणून झाकणावर तारीख लिहून बरणी मागच्या फळीवर सरकवावी. उघडल्यावर चमचा कोरडा.