घाटातली मर्सिडीज आणि आमचं गॅरेज

1986 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही शटर उघडलं. भांडवल म्हणजे वडिलांची पान्यांची पेटी, एक ट्रॉली जॅक आणि चाचा. चाचा भागीदार होते, कागदावर नाव नव्हतं एवढंच. इंजिन मी बघायचं, वायरिंग त्यांनी. अँबॅसिडर, फियाट, पुढे मारुती. कार्बोरेटरचे जेट फुंकून, इग्निशनचे पॉइंट घासून चौदा वर्षं पोट भरलं, बहिणीचं लग्न झालं, शेड पक्की झाली.

2000 साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या पेट्रोल गाड्यांमधून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, जाऊ लागला. आमच्याकडे हेल्पर म्हणून आलेला, पाने पुसत पुसत शिकलेला एक पोरगा होता. त्याने कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला आणि आमच्या समोरच्या लाइनीतच गॅरेज टाकलं. टाकू दे, प्रत्येकाला पोट आहे. पण गिऱ्हाइकांना सांगायचा, "मास्तरांना फक्त कार्बोरेटर कळतो." चहाच्या गाड्यावर हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

आता डॉक्टरसाहेबांची गाडी. 1990 चं मॉडेल, मर्सिडीज 300 ई, म्हणजे डब्ल्यू 124. इंग्लंडहून परत येताना त्यांनी सोबत आणलेली. सहा सिलिंडर, बॉशचं केई-जेट्रॉनिक इंजेक्शन. जाणकारांना सांगायला नको, ही सिस्टीम निम्मी मेकॅनिकल, निम्मी इलेक्ट्रॉनिक. नोझल सतत फवारतात, एअर फ्लोची प्लेट जितकी उचलली जाते तितकं पेट्रोल फ्युएल डिस्ट्रिब्युटर नोझलना सोडतो आणि कॉम्प्युटर फक्त वरवरची दुरुस्ती करतो. समोरच्याचा स्कॅनर तिला लावायला जागाच नव्हती! डॉक्टरसाहेब आमच्याकडे फियाटपासूनचे. बिल कधी तपासलं नाही, दिवाळीला चाचांसाठी वेगळा डबा आणायचे.

2004 च्या मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी बंद पडली. वीस मिनिटं बॉनेट उघडून उभे राहिले, सेल्फ मारला, सुरू. साताऱ्यापुढे पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली तेव्हा घड्याळासारखी चालत होती.

अशा गाडीचं काय करायचं? मी तेच केलं जे सगळे करतात. फिल्टर बदलला, टाकीची जाळी साफ केली, पेट्रोलच्या लाइनीला प्रेशर गेज लावलं. साडेपाच बारच्या आसपास काटा, हलायला तयार नाही. गाडी चालू असताना गेज एवढंच सांगणार की गाडी चालू आहे, पण हे तेव्हा सुचलं नाही. मुंबईहून टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा पंप मागवून बसवला आणि छातीवर हात मारून गॅरंटी दिली. आठवड्यात डॉक्टरसाहेब कागलपाशी अडकले, बाईसाहेब सोबत, भर दुपार. टोचन करून गाडी आणली ती आमच्या दारात नाही, समोरच्या गॅरेजात.

त्याने तासाभरात दिली. नंतर महिनाभर गाडी कुठेच बंद पडली नाही. अख्ख्या उद्यमनगरात बोभाटा झाला: मास्तरांनी पंप बदलून पैसे खाल्ले, पोराने हात लावला आणि गाडी पळाली. खरं तर पंपाचे पैसे मी घेतलेच नव्हते. पण हे कुणाला सांगत फिरणार? जून-जुलैत आमच्याकडची तीन कायमची गिऱ्हाइकं गेली. दोन पोरं सोडून गेली, त्यातला एक समोरच लागला. चार महिन्यांचं भाडं थकलं, कॉम्प्रेसर विकला. हवा मारायला शेजारच्या पंक्चरवाल्याकडे जावं लागायचं, आणि तो द्यायचाही उपकार केल्यासारखी.

डॉक्टरसाहेब स्वतःच परत आले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी उभी असते, इंजिन बंद असतं, पण किल्ली चालू राहिली की मागून भुर्र आवाज थांबतच नाही. हे बरोबर आहे का?"

बरोबर कसं असेल! या गाडीत किल्ली फिरवली की पंप सेकंदभर वाजतो आणि थांबतो. इंजिन फिरायला लागल्याची खूण मिळाली तरच रिले, म्हणजे पंपाचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, त्याला पुढे चालू ठेवतो. बॅटरीच्या मागचा कप्पा उघडला. रिले काढून सॉकेटातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडलेल्या. पंप डायरेक्ट. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओततच राहणार, आणि पाइप फुटला असेल तर काय होईल ते सांगायला नको. तुमच्या गाडीत कुणी असं केलं असेल तर आजच काढून घ्या. हे जुगाड रस्त्यातून घरी पोचण्यापुरतं.

मी रागाने तो तुकडा उपटून फेकला आणि समोर जायला निघालो. चाचांनी दंड धरला. "बाळ, भांडण उद्या कर. रिले बाजूला केला तर महिनाभर गाडी बंद पडली नाही, हे आधी बघ." खोटं कशाला बोलू, रागाच्या भरात ते माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

तरी पुरावा हवा होता. एकदा तोंडावर पडलो होतो. चाचांनी पार्किंग लाइटचे दोन बल्ब घेतले, लांब वायरी जोडल्या. एक रिलेत करंट येतो तिथे, त्याला लाल कागद. दुसरा रिलेतून पंपाला जातो तिथे, त्याला हिरवा. खिडकीतून वायरी आत घेऊन दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटवले. आमचा स्कॅनर तो एवढाच. मग रोज दुपारी दोन वाजता, उन्हात तापवून, पन्हाळ्याला एक फेरी. मी स्टेअरिंगवर, चाचा बल्बांवर नजर लावून, मागे डॉक्टरसाहेब पेपर वाचत. पेट्रोल त्यांचं, भजी माझी.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी वाघबीळच्या चढाला इंजिन खोकलं, दोन-तीन आचके दिले. पेट्रोल तुटलं की गाडी अशी खोकत खोकत जाते, ठिणगीचा करंट तुटला तर स्विच बंद केल्यासारखी एकदम मरते. चाचा ओरडले, "हिरवा गेला!" लाल जळत होता. मी गाडी गिअरमध्येच ठेवली आणि आरपीएमच्या काट्याकडे बघितलं. इग्निशनचा सिग्नल गेला असता तर काटा धाडकन शून्यावर पडला असता. तो मात्र इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सावकाश खाली आला. म्हणजे रिलेला करंट मिळतोय, सिग्नल मिळतोय, तरी पंपाला काही जात नाही. कडेला घेऊन किल्ली फिरवली. मागून भुर्र नाही.

परत आल्यावर चाचांनी ब्लेडने रिलेचं झाकण सोडवलं. त्यांच्याकडे गुजरीतून आणलेलं सोनाराचं भिंग होतं. ते डोळ्याला लावून त्यांनी रिलेतली सर्किटची पट्टी उजेडात धरली आणि मला बोलावलं. एका जाड पिनेच्या बुडाशी शिशाच्या डागाभोवती, म्हणजे सोल्डरिंगभोवती, केसाएवढी काळी गोल रेघ. थंड असताना पीन डागाला टेकलेली, तापली की सुटायची. चौदा वर्षं गरम-गार होऊन डाग तडकला होता.

चाचांनी जुनं शिसं उपसून नवा डाग दिला. सोल्डरिंग आयर्न छोटा घ्या, पिनेला आधी उष्णता द्या, शिसं मागून. वरून थेंब टाकलात तर तोच रिले तुम्हाला पुन्हा घाटात थांबवेल. आणि टाकी रिझर्व्हवर चालवू नका, पंप पेट्रोलनेच थंड राहतो. हे कुणी विचारलेलं नाही, पण निम्मे पंप मी त्यापायी मेलेले बघितले आहेत.

गाडी त्यानंतर बंद पडली नाही. डॉक्टरसाहेबांनी आपल्या ओळखीतल्या चार गाड्या पाठवल्या, त्यावर भाडं फिटलं आणि कॉम्प्रेसर नवा आला. पुढची वर्षं चांगलीच गेली.

समोरच्याने आजतागायत कबूल केलेलं नाही. त्याच्या बोर्डावर "मर्सिडीज स्पेशालिस्ट" आहे, तो बोर्ड त्याच वर्षीचा. चाचा गेले, त्यांचं भिंग माझ्या टेबलाच्या खणात असतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी त्यातून एक जुना तडकलेला रिले बघायला देतो. बहुतेकांना रेघ दिसत नाही.