दोनवर येऊन थांबले

परवा भाच्याचा फोन. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तो ज्या कारखान्यात आहे, तिथे व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, नोटीस लागलीय. "मामा, तू युनियनमध्ये होतास ना? घेऊ का नको, सांग." चहा निवला तरी आम्ही बोलतच होतो. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर वजनकाट्याला होतो. रिकामा ट्रक, भरलेला ट्रक, मधला फरक वहीत. आकड्यांशी सलगी म्हणून युनियनच्या कमिटीत मला खजिनदार केलं. आणि तरी त्या वाटाघाटीत एक आकडा मला फार उशिरा दिसला, आणि एक शब्द तर दिसलाच नाही.

2012 च्या सप्टेंबरात खाणी पहिल्यांदा बंद पडल्या. 2014 ला न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. मग 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून सगळं ठप्प. ट्रकवाल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. आम्ही कंपनीचे 'परमनंट' म्हणजे सुखी, असा समज होता. पण आम्हाला ले-ऑफ मिळाला, काम नाही म्हणून घरी बसवलं: हातात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे. घरभाडं, शिफ्टचे पैसे, ओव्हरटाइम, काही नाही. तेवढ्यात वर्षभर काढल्यावर माणूस 'स्वेच्छे'ला तयार होतोच.

आमची व्हीआरएसची नोटीस लागली ती भर पावसात. सोबत प्रत्येकाला एक पत्र, त्यात ठळक अक्षरात 'पॅकेज'. माझंच पाहून मी हरखलो, मग वही काढली. त्यात ग्रॅच्युइटी धरली होती, शिल्लक रजेचे पैसे धरले होते, पीएफसुद्धा! हे सगळं आमचंच, राजीनामा दिला असता तरी मिळणारं. वजा केल्यावर पॅकेज निम्म्याच्या खाली आलं. भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली: पत्रातला मोठा आकडा बघू नकोस, त्यातला तुझा किती आणि त्यांचा किती ते वेगळं कर.

पहिल्या बैठकीत मॅनेजमेंट म्हणालं, तुम्हाला कमी केलं तर कायद्याने नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो, आम्ही दीड महिन्याचा देतोय. तिप्पट. आम्ही मागितले तीन महिने. नियम असा होता की नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ठरलेले महिने, किंवा निवृत्तीला उरलेले महिने, यांतलं जे कमी, तितक्या महिन्यांचा पगार. पगार म्हणजे मूळ अधिक महागाई भत्ता. दुसऱ्या बैठकीत ते फारशी खळखळ न करता दोन महिन्यांवर आले आणि तिथेच थांबले. आम्ही खुशीत. पणजीत पाटोवर भाजी-पाव खाल्ला आणि कदंबा बसने परत आलो.

त्या रात्री झोप येईना म्हणून वही उघडली. आमचा पोकलेनवाला दादा, वय 54, नोकरी 27 वर्षं. 58 ला निवृत्ती, म्हणजे उरले 48 महिने. दीड महिन्याने त्याचे होत होते साडेचाळीस महिने. दोनने होतात 54, पण वरची मर्यादा 48. म्हणजे दोनच्या पुढे आम्ही अडीच मिळवले काय आणि तीन मिळवले काय, दादाच्या हातात एक पैसा जास्त पडणार नाही. आता डंपरवरचा पोरगा घ्या. वय 34, नोकरी 11 वर्षं. त्याला दोनने 22 महिने, तीनने 33. त्याच्या 18 हजारांवर जवळजवळ दोन लाखांचा फरक, आणि पुढची 24 वर्षं काढायची आहेत. मॅनेजमेंट दोनवर दमून थांबलं नव्हतं. युनियनचे जुने सभासद जिथे तृप्त होतात, बरोबर तिथे थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सभा. हे फळ्यावर मांडलं तर जुनी माणसं म्हणाली, गणेश चवथीच्या आधी पैसे हातात पडू देत, ताणू नका. पोरं उसळली. दादा, ज्याला मी मोठ्या भावासारखा मानतो, माझ्यावर ओरडला, "तुझ्या वहीपायी माझा चेक अडकणार!" त्याचंही खोटं नव्हतं. सोसायटीचं कर्ज होतं, मुलीचं लग्न ठरलेलं. पेन्शन आत्ताच सुरू केली तर 58 ला जितकी वर्षं कमी तितके दर वर्षाला चार टक्के कापणार, म्हणून तो त्या पैशांवरच चार वर्षं काढायचा विचार करत होता.

याच सभेत त्या डंपरवाल्याची बायको मागून उभी राहिली. सासू डायलिसिसवर. तिने विचारलं, "भाऊ, मेडिक्लेमचं काय?" मी म्हटलं, यादीत आहे वहिनी. होतं. चौदा मागण्यांत चौदावं.

शेवटची बैठक श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तालयात. आमचा हट्ट होता की करार कन्सिलिएशनमध्येच, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीनेच, व्हावा, कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तसा करार सगळ्या कामगारांना लागू होतो. आपसात केलेला फक्त सह्या करणाऱ्यांना. ते मिळालं. दर सव्वादोनपर्यंत सरकला, आणि कमी वर्षं झालेल्यांना किमान पाच लाख. ते मान्य झालं यात आमचं शौर्य थोडं. पाच लाखांपर्यंत व्हीआरएसच्या रकमेवर आयकर नव्हता, आकडा गोल होता, त्यांनाही बरा वाटला. कुणाचा अर्ज नाकारायचा हा अधिकार मात्र त्यांनी सोडला नाही.

मेडिक्लेम आला तेव्हा साडेसहा वाजले होते. अधिकारी घड्याळाकडे बघत होते, आम्ही बसकडे. मॅनेजमेंट म्हणालं, सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे, बांबोळीला गोमेकॉचं सरकारी इस्पितळ आहे, तुम्हाला कशाला हवा? आम्ही पाच वर्षं मागितली, दोन मिळाली. 'कामगार व त्याचे कुटुंब' असं लिहिलं. मी आकडा तपासला: दोन वर्षं, तीन लाख, बरोबर. सही केली.

कुटुंब म्हणजे कोण, ते शेवटच्या पानावर व्याख्येत होतं. पती किंवा पत्नी आणि दोन मुलं. आई-वडील नाहीत. नोकरीत असताना ते होते.

हे मला वहिनींनी सांगितलं, चवथ झाल्यावर, हॉस्पिटलातून फोन करून. रागावल्या नाहीत. "भाऊ, तुम्ही वाचलं होतं ना?" एवढंच विचारलं. पुढे सासूला आठवड्यातून दोनदा बसने गोमेकॉला न्यायचे. दादाचा चेक कर्ज कापून आला, लग्न थाटात झालं, आजही भेटला की आधी वहीची चेष्टा करतो.

भाच्याला म्हटलं, कागद पाठव. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पहिलं पान, ठळक अक्षरातला आकडा. लिहिलं, बाकीची पानं? म्हणाला, मामा, एवढंच दिलंय, बाकी एचआरकडे जाऊन बघायचं. उद्या सकाळी कुंडईला जाऊन येतो म्हटलं. चष्म्याची काडी मोडलीय, ती आधी बसवून घ्यायला हवी.