इस्तंबूलमधलं खाणं, शाकाहारी आईसोबत

नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन आठ दिवस इस्तंबूलला जाऊन आले. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं की तिकडे कबाबशिवाय काही मिळत नाही, म्हणून थेपले-चिवडा भरून नेला आणि त्यातला अर्धा तसाच परत आला.

सकाळी सिमितपासून सुरुवात करा. रस्त्यावर हातगाडीवर मिळतो, पावाचं गोल कडं, द्राक्षाच्या काकवीत (पेकमेझ म्हणतात) बुडवून तिळात घोळवून भाजलेलं. ताजा असतानाच मजा, दुपारनंतर चिवट होतो. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या काडिकॉयची फेरीबोट पकडायची, सोबत सिमित न्यायचा आणि बोटीवरच चहा घ्यायचा. चहा कोरा, मधे निमुळत्या छोट्या ग्लासात, दूध मागू नका. आईला पहिले दोन दिवस जड गेलं, मग दिवसाला पाच-सहा ग्लास व्हायला लागले!

जेवायला टुरिस्ट रेस्टॉरंटपेक्षा 'एस्नाफ लोकांतासी' शोधा, म्हणजे दुकानदार-कामगार दुपारी जेवतात त्या खानावळी. भाज्या समोर ट्रेमध्ये मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, भाषेची अडचण नाही. पण बारा-साडेबारालाच जा, उशीर केला की चांगलं संपलेलं असतं. 'झेतिनयाली' म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवून गार वाढलेल्या भाज्या, फरसबी, आर्टिचोक, द्राक्षाच्या पानात भात भरलेली सारमा. इमाम बायिल्दी म्हणजे कांदा-टोमॅटो भरलेलं वांगं, आपल्या भरल्या वांग्यासारखं मसालेदार नाही पण आईने तीनदा खाल्लं, यावरून समजा.

आता महत्त्वाचं. दिसायला शाकाहारी म्हणजे शाकाहारी असं तिथे अजिबात समजू नका. मसूर डाळीचं सूप (मेर्जिमेक चोरबासी) सगळीकडे मिळतं, लिंबू पिळून अगदी आपल्या आमटीची आठवण येते, पण काही ठिकाणी ते मांसाच्या नाहीतर कोंबडीच्या पाण्यात करतात, भाताचंही तेच. 'एत सुयु वार मी?' (मांसाचं पाणी आहे का) आणि 'तावुक सुयु वार मी?' (कोंबडीचं) ही दोन वाक्यं पाठ करून जा. आणि गोडातही बघा! एका दुकानात पांढरी मऊ खीर बघून आईसाठी घेणारच होते, नाव विचारलं तर 'तावुक गोउसू', म्हणजे कोंबडीच्या छातीचं मांस बारीक तंतू करून दुधात शिजवलेलं. खालून खरपूस केलेलं काझानदिबीसुद्धा पारंपरिक पद्धतीत त्याचंच असतं, त्यामुळे 'तावुक वार मी' विचारल्याशिवाय घेऊ नका. स्युतलाच म्हणजे भाताची खीर, पण त्यातही कधीकधी अंडं असतं, 'युमुर्ता वार मी' विचारा.

मला सगळ्यात जास्त आवडला तो बोझा. वेफा भागात 1876 पासूनचं दुकान आहे, सुलेमानिये मशिदीपासून चालत जाता येतं. धान्य आंबवून केलेलं दाट, आंबटगोड पेय, चमच्याने खातात, वर दालचिनी आणि फुटाणे. हो, आपले फुटाणेच, तिकडे लेब्लेबी म्हणतात, समोरच्या दुकानातून गरम घेऊन टाकायचे. आई म्हणाली, अगं ही तर गोड आंबील! थंडीतलं पेय आहे, उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आशा ठेवू नका. आंबवलेलं असल्याने अल्कोहोलचा अगदी किंचित अंश असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा.

आयरान म्हणजे आपलं ताकच, मीठ घातलेलं, फक्त जिरं-कोथिंबीर नाही. मासे खाणाऱ्यांनी एमिनोन्यूला बालिक एकमेक (पावात मासा) खा, मी एकटीने खाल्ला, आई तोवर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन पाण्याकडे बघत बसली.

हातगाड्यांसाठी सुटे लिरा (तिकडचं चलन) ठेवा. भाव भराभर बदलतात म्हणून आकडे देत नाही, बसायच्या आधी मेनूवरचे बघून घ्या. घरी आणायला लोकुम (टर्किश डिलाइट, मऊ वड्यांची मिठाई) घेतलात तर पारंपरिक प्रकार साखर आणि स्टार्चचा असतो, तरी पाकिटावरचे घटक वाचा. बाकलावा (पातळ पापुद्र्यांची, सुकामेवा भरलेली पाकातली मिठाई) आणायचा असेल तर 'कुरू' म्हणजे कमी पाकातला मागा, तो प्रवासात जास्त टिकतो.